निळ्या टेबलाचं तेल

३ तारीख, सोमवार
लागली बाई नोकरी एकदाची! खाली प्रयोगशाळा, वर आमच्या खोल्या, दोन्ही वेळचं जेवण फुकट. जेवणघरात तीन टेबलं आहेत: निळं, पिवळं, पांढरं. प्रत्येकाचा स्वयंपाक वेगळ्या तेलात, तेलाचे डबेही त्याच रंगाचे. स्वयंपाकाच्या मावशींनी मला निळ्या टेबलाची पाचवी खुर्ची दिली आणि टेबल बदलायचं नाही म्हणून बजावलं. शाळेत आल्यासारखं वाटून हसूच आलं. जेवण मात्र असं की मी बोटं चाटत राहिले. धाकट्या बहिणीला लगेच कळवलं, तुझ्यासाठीही साहेबांकडे शब्द टाकते. वर्षभर घरी बसून कंटाळलीय बिचारी.

७ तारीख, शुक्रवार
उंदरांना तीन तेलं खायला घालतात. मग त्यांचं यकृत, चरबी, मेंदू नळ्यांतून माझ्याकडे येतात. नळीवर रंग आणि पिंजऱ्याचा आकडा असतो. मी त्यातला स्निग्ध भाग काढून यंत्रात सोडते, कागदावर आलेखाची टोकं उमटतात, प्रत्येक घटकाचं वेगळं. खाल्लेलं तेल अंगात कुठवर मुरलं ते त्यावरून कळतं. साहेब म्हणाले, रक्त आणि यकृत झटकन बदलतात, चरबी सावकाश, मेंदू सगळ्यात हट्टी. पण तोही शेवटी ऐकतो. निळ्या नळ्यांत बाराव्या मिनिटाला एक टोक येतं, ते कुठल्याच तक्त्यात नाही. निळे उंदीर सारखे गोल गोल फिरतात. बघून मलाच गरगरतं.

१५ तारीख, शनिवार
बसवत नाही. खुर्चीवर टेकले की पाय हलायला लागतात. आमच्या टेबलावर सगळ्यांचं तेच. चौथ्या खुर्चीवरचा चष्मेवाला म्हणाला, टेबलाखाली शिलाई मशीन लावलं तर महिन्याचे कपडे शिवून होतील. पोट धरून हसलो. पाय हलतच होते.

२२ तारीख, शनिवार
यंत्र बिघडल्याची शंका आली. जुन्या नोकरीतली सवय, ताडून पाहायला स्वतःच्या बोटातला रक्ताचा थेंब घातला.
बाराव्या मिनिटाला टोक.
तीनदा केलं. तीनदा तेच.

२४ तारीख, सोमवार
साहेबांना सांगितलं. वाटलं होतं, घाबरतील, निदान ओरडतील. त्यांनी तारीख विचारून वहीत टिपली. म्हणाले, छान, वेळेत आहे.
चष्मेवाला दोन दिवस जेवायला नाही. घरी गेला म्हणतात. त्याचा चष्मा टेबलावरच आहे.

२६ तारीख, बुधवार
आज नळी नव्हती, बरणी होती. निळी चिठ्ठी. मेंदू. आकडा चार.
उंदराचा मेंदू शेंगदाण्याएवढा असतो. हा—
बाराव्या मिनिटाचं टोक कागदात मावलं नाही.

२८ तारीख, शुक्रवार
उपाशी राहायचं ठरवलं. दुपारी भानावर आले तेव्हा पाचव्या खुर्चीवर होते, ताट पुसून खाल्लेलं. मावशी कौतुकाने बघत होत्या.
चौथी खुर्ची धुऊन ठेवलीय. कोणासाठी ते विचारलं. म्हणाल्या, तूच नाही का बहिणीसाठी शब्द टाकलास?
मी साहेबांशी बोललेच नव्हते. की बोलले?

२९ तारीख, शनिवार
धाकटीचा निरोप आला, निघालीसुद्धा. फोन लागत नाही. उद्या अकराच्या बसने पोचेल. उतरल्या उतरल्या तिला तशीच परत पाठवायची. खोटं बोलेन, भांडेन, पण इथे पाऊल टाकू देणार नाही. देवा, मीच बोलावलं तिला.

३० तारीख, रविवार
दहालाच थांब्यावर पोचले. उभं राहवेना. थांब्याभोवती फिरत राहिले, गोल, गोल— घड्याळ पाहिलं तर दीड. बस कधीच येऊन गेलेली.
धावत परत आले. पत्ता तिला मीच दिला होता.
वही घ्यायला खोलीत आलेय. ही तिच्या हातात द्यायची. तोंडाने सांगायला गेले तर मध्येच—
खालून तिचं हसू ऐकू येतंय. मावशी आग्रह करताहेत. ती म्हणतेय, अजून थोडं वाढा.
आत्ता खाली जाते. हाताला धरून ओढून नेते. एकाच जेवणाने काही होत नाही, मेंदू हट्टी असतो, अजून वेळ—
वास वर आलाय. गरम आहे.
पाय निघाले. लिहिता लिहिता चाललेय, जिन्यात—
सांगते तिला. सगळं सांगते. फक्त आधी दोन घास खाते आणि मग तिला