नाटकातल्या विधवेचे कपडे

९ नोव्हेंबर १९८७, सोमवार

नौपाड्यातले घैसास सर आले होते. कॉलेजात फ्रेंच शिकवायचे, आता रिटायर. त्यांचे जुने विद्यार्थी नाटक बसवतायत — फ्रेंच, अडीचशे वर्षांपूर्वीचं, विनोदी. सरांनीच मराठीत केलंय. सात जणांचे कपडे शिवायचे. मी म्हटलं, सर, मी ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवणारी कोळीण, तिकडचे झगे मला कुठे जमणार! तर म्हणाले, "मनुबाई, चित्रं दाखवतो. जमेल."

जनी, माझी सून, आतून म्हणाली, "घ्या ना आई." घेतलं.

१३ नोव्हेंबर

केवढा घेर! एकेका झग्याला अकरा मीटर. अस्तराला जुन्या सुती साड्या लावीन.

सरांनी गोष्ट सांगितली. एक विधवा — परत लग्न नाही म्हणजे नाही. शेजारचा माणूस बागेच्या भिंतीवरून तिच्याशी भांडायला येतो, मग रोजच यायला लागतो. पहिले दोन अंक तिला काळं घालायचंय. मी विचारलं, काळं का? "त्यांच्यात नवरा गेला की काळं घालतात. तुमच्यात?" मी म्हटलं, बांगड्या फोडतात.

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं. माझा नवरा नामा होडीसकट खाडीत गेला, त्याला नऊ.

२८ नोव्हेंबर

तालमीला मापं घ्यायला गेले आणि शेवटपर्यंत बसले. शेजाऱ्याचं काम सरांचा विद्यार्थी सुधीर करतो. तो विधवेला म्हणतो, "भिंतीचं भांडण तर मिटलं. आता मी कशासाठी येऊ?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

१६ डिसेंबर

परवा सर रिळं घेऊन आले. काल बटणं. आज काहीच न घेता आले.

२७ डिसेंबर

विचारलं त्यांनी! "मनुबाई, पुढचे दिवस माझ्याबरोबर काढाल का? रीतसर, सही करून." मशीन चालूच होती, माझे पाय थांबेनात. थांबले तेव्हा बघितलं — टीप पार वाकडी गेलेली. उसवत बसले. दोन दिवस द्या म्हटलं.

किती वर्षांनी मला कुणी काही विचारलं.

२९ डिसेंबर

पोराला, कान्हाला, सांगितलं. भरल्या ताटावरून उठला. "पाट लावायचं वय हाय का तुझं, आये? आन तो आपल्यातला पन नाय. बंदरावर तोंड कसं दाखवू मी?"

जनी रडली. मी नाही. ताटं घासली.

३० डिसेंबर

सरांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "बरं." एवढंच. कपडे मात्र पुरे करून देणार.

१८ जानेवारी १९८८, सोमवार

काल दुपारी प्रयोग झाला. मी विंगेत सुईदोरा घेऊन उभी. समोर तिसऱ्या रांगेत कान्हा आणि जनी — जनीने माझ्याकडून पास मागून घेतले होते. कान्हा मोठ्याने हसत होता. त्याचा बाप असाच हसायचा.

शेवटी विधवा म्हणते, "हो, करते लग्न! आणि आता कुणी हसू नका!" हॉल नुसता दणाणला. आणि माझा पोरगा — उभा राहून टाळ्या वाजवत होता!

घरी आल्यावर विचारलं. "त्या बाईसाठी टाळ्या वाजवल्यास ना रे?"

"ते नाटक हाय, आये."

"आणि मी?"

त्याने शर्ट खुंटीला लावला आणि आत गेला.

२ फेब्रुवारी

कान्हा अजून बोलत नाही. सांगायचं असलं की जनीकडून सांगतो. गणवेशाचं काम आलंय, पण हात चालत नाही.

७ मार्च

विवाह नोंदणी कचेरी, ठाणे. सरांना हो सांगून लग्नाची नोटीस द्यायला महिन्यापूर्वी मीच घेऊन आले होते. तेव्हा या वहीत लिहायचीसुद्धा भीती वाटली. साक्षीदार तीन लागतात. सुधीर, सरांचा भाऊ — आणि जनी. "घरी त्यांना सांगून आलेय," म्हणाली.

साहेबांनी विचारलं, "अजून कुणी यायचंय? थांबायचं?"

म्हटलं, नाही. सही केली.