चादरवालीच्या प्रकाशनाचं आमंत्रण

सोलापूर,
सोमवार, ३ मार्च

चि. अपेक्षा हीस,
सयाजीमामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. ‘सर्व’मध्ये माझा डावा पाय धरू नये, तो अजून मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. तुझ्या आबांच्या नवी पेठेतल्या दुकानात शिडीवरून पडलो, तेव्हा मागोमाग चादरींचा अख्खा गठ्ठा अंगावर आला. तरी कसलीही दिव्य शक्ती प्राप्त झाली नाही. आपल्या ‘चादरवाली’ या चित्रकथेच्या लेखकावर हा अन्यायच म्हणायचा.

चौथ्या अंकाची चित्रं पोचली. सन तीसचा लष्करी कायदा सोलापुरातून उठलाच नाही, इंग्रज गेलेच नाहीत आणि चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांच्या जागी आज गोऱ्या साहेबाचा एकच पुतळा आहे, ही कल्पना माझी. पण साहेबाच्या नाकावरचं कबूतर तुझं, आणि तेच जास्त बोलतं. चादरवाली पाठीवरच्या चादरीने गोळ्या झेलते ते पान मी तीनदा पाहिलं. शेवटच्या अंकात तिला पहारा चुकवून शहराबाहेर न्यायची म्हणतेस, ते मात्र मान्य नाही. नायिकाच गेली तर लढायचं कुणी? मी? या पायाने?

आता मुख्य बातमी. आबांचा राग निवळला आहे. ते स्वतःच्या खर्चाने अंक छापून देणार आहेत. येत्या रविवारी प्रकाशन. हॉल ठरला, जेवणही आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत ये. एखादी बरी साडी आण, असा आबांचा निरोप आहे.

घर सोडून वर्ष होत आलं. फोनचा नंबर बदललास, पत्ता फक्त मला दिलास, तोही चित्रांपुरता. रुसवा सोडायला याहून चांगलं निमित्त मिळायचं नाही. ये.

तुझा,
सयाजीमामा

सोलापूर,
मंगळवार, ४ मार्च

चि. अपे,
कालचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. नसेल, तर मिळाल्यावर फाड.

रविवारी प्रकाशन नाही. पृथ्वीराज आहे. तोच, करमाळ्याचा, बँकेतला, ज्याला नको म्हणून तू घर सोडलंस. मुलगा वाईट नाही, हीच पंचाईत. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. तू हॉलमध्ये पाऊल टाकलंस की साखरपुडा, आणि ‘मंडळी जमलीच आहेत’ म्हणून लगेच त्याच मांडवात अक्षता. हल्ली याला साधेपणा म्हणतात. पेपरात फोटोही येतो.

आज सकाळी तुझे आबा स्वतः चहा घेऊन वर आले, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.
“पाव्हणं, मंगलाष्टका येत्यात न्हवं तुमाला? भटजी लई घाई करतंय. तुमीच म्हणा.”
“प्रकाशनाला मंगलाष्टका, दाजी?”
“आवो, पुस्तक बी छापू की! आदी पोरगी तर येऊ द्या. आन् बोहल्यावर तुमीच आणायची तिला. मामाबिगर कसं व्हनार?”
पाय मोडला आहे म्हटलं, तर म्हणाले, “खुर्चीवर बसून आणा.” पृथ्वीराजाचा सगळा बेत मग त्यांनीच चहाबरोबर सांगितला.

मला काल काहीच ठाऊक नव्हतं, असं वाक्य इथे लिहून पाहिलं. व्याकरणाने शुद्ध आहे. पण उभं राहत नाही. ज्या माणसाने तुझी चित्रं बंबात घातली, तोच ती छापतो म्हणतो, तेव्हा शंका यायला न्यायशास्त्र शिकावं लागत नाही. शंका आली होती. पण शाळेने संस्कृत बंद केल्यापासून माझं नाव फक्त औषधाच्या बिलावर छापून येतं. अंकावर ‘लेखक’ म्हणून ते दिसेल, एवढ्यावर मी तुला ये म्हटलं. शिवाय खोली त्यांची, भाकरी त्यांची. गोऱ्या साहेबाच्या राज्यातले, पास जाईल म्हणून गप्प बसणारे नागरिक मी इतके हुबेहूब कसे लिहितो, असं तू विचारलं होतंस.

मग कप न्यायला तुझी आई आली.
“दादा, काय लिवलंस तिला?”
“ये म्हणून.”
मनकर्णा खाटेच्या कडेला बसली. तुझे चारही अंक तिने वाचले आहेत, हे मला आजच कळलं. मी झोपलो की माझ्या गादीखालून काढते आणि पुन्हा तसेच ठेवते.
“मला मावशीकडं बोरं खायाला चल म्हणून मोडनिंबला नेलं,” ती म्हणाली. “दहावी झाल्ती नुकती. सांजच्याला अक्षता पडल्या. मामानंच दंडाला धरून हुबी केली. ती बोरं अजून खायाची हायत माजी.”
मी तेव्हा पुण्याच्या पाठशाळेत रूपं घोकत होतो. बहिणीचं लग्न मला पोस्टकार्डाने कळलं.
जाताना दारात थांबली. “त्या तुमच्या बाईला जाऊ दे की गावाबाहेर. समदी लढाई तिनंच हितं बसून करायची व्हय?”
ती खाली गेल्यावर मी हा कागद पुढे ओढला.

आणखी एक गोष्ट. ती सगळ्यात वर लिहायला हवी होती. मी ढकलत ढकलत इथवर आणली. कालचं पाकीट पेटीत टाकायला आबांनी नेलं. पाकिटावरचा पत्ता त्यांनी उतरवून घेतला. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातलं चिठोरं मनकर्णाने पाहिलं. तू आली नाहीस, तर सोमवारी तुझ्या चुलत्यांना गाडीत घालून ते तुला आणायला पुण्याला निघणार आहेत.

खोली बदल. आजच. नवा पत्ता मलाही कळवू नकोस. माझ्याकडून पत्ता काढायला काय लागतं ते पाहिलंसच. म्हणजे शेवटचा अंक तुला एकटीलाच लिहावा लागेल. तुझं शुद्धलेखन बेताचंच आहे, पण चालेल. चित्रांना वेलांटी लागत नाही.

रविवारी वेळ झाली की पुकारा होईल, ‘मामा, मुलीला घेऊन या.’ मी कुबड्यांवर पुढे जाईन आणि पृथ्वीराजाला समोरासमोर सांगेन, की मुलगी येणार नाही, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. त्यानंतर ही खोली माझी राहील असं दिसत नाही. कुठे जाईन ठरलेलं नाही. त्याचा विचार तू करू नकोस.

मनकर्णा हे पत्र भाजीच्या पिशवीत घालून स्पीड पोस्टाने टाकणार आहे. आता पिशवी घेऊन समोर उभी आहे. “आशीर्वाद लिव माजा,” म्हणते. लिहिला.

येऊ नकोस.

मुलीला न घेता बोहल्यापाशी जाणारा,
तुझा मामा