लाइनमन बुधाजी

परळ, मुंबई
१२ जुलै १९७८

ती. बाबांस,

शकूचा शि. सा. न. वि. वि. हे पत्र उभ्याने वाचू नका. ओटीवर बसा, मग वाचा.

तुम्ही मला नागूमामाकडे शिवणक्लासला धाडलंत त्याला तीन महिने झाले. त्यातले अडीच महिने मी क्लासला गेलेली नाही. क्लासच्या मागे मैदान आहे, तिथे मुली फुटबॉल खेळतात. एके दिवशी त्यांचा बॉल खिडकीतून थेट माझ्या मशिनीवर आला. मी तो लाथेने परत बाहेर घातला. क्लासच्या बाई म्हणाल्या, बाहेर जा. मैदानावरच्या मुली म्हणाल्या, बाहेर ये. दोन्हीकडचं म्हणणं एकच पडलं, म्हणून गेले.

आता मी त्यांच्या क्लबात उजव्या बाजूला पुढे खेळते. मामाला ठाऊक आहे. मामीला वाटतं, पायमशिनीने माझे पाय दुखतात, म्हणून ती तेल चोळून देते. पुढच्या महिन्यात सामना आहे. तुम्ही यावं असं फार वाटतं.

लोभ कमी करणारच असाल तर एकदम करू नका, थोडा थोडा करा.

तुमची
शकू


पोशीर
२० जुलै १९७८

चि. शकू हिस बुधाजीचे अनेक आशीर्वाद. ही ओळ शाळेत शिकवली व्हती म्हणून लिवली. आता खरं लिवतो.

ओटीवर बसलो व्हतो म्हणून बरं. पोरी फुटबॉल खेळतात हे मी आजवर ऐकलेलं नाय. तुझी आई इचारते, एका बॉलच्या मागं बावीस जणी कशाला, एकेक घेऊन देत नाय का कोण?

गावात मी सांगितलंय, शकूचा क्लास झकास चाललाय. ते ऐकून तुझ्या सोनुबाई आत्येनं चोळीचं कापड दिलंय. सोबत धाडतो. गणपतीच्या आत शिवून पाठव. आता हे तूच निस्तर.

सामन्याला मी येणार नाय. लावणी हाय. लावणी नसती तरी आलो नसतो. माणसं काय म्हणतील गं?

पोटभर जेव. आई रागावलीय, पण लाडू तिनंच बांधलेत.

तुझा बाप
बुधाजी


परळ
३० ऑगस्ट १९७८

ती. बाबांस सा. न. वि. वि.

चोळी पाठवली आहे. मला शिवता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या संघात फक्त गोलकीपर सुचेताला हात वापरायची मुभा आहे, म्हणून काम तिला दिलं. तिने मनापासून केलं. डाव्या बाहीत दोन हात जातात आणि उजव्या बाहीत एकही नीट जात नाही. आत्येला सांगा, मुंबईत अशीच चाल आहे.

आम्ही सामना जिंकलो. एक गोल माझा. प्रेक्षकांत एक म्हातारे गृहस्थ तुमच्यासारखीच टोपी घालून बसले होते. अर्धा सामना मी त्यांच्याकडेच बघत खेळले. नंतर कळलं, ते चणेवाले होते.

आईला नमस्कार. तुमच्या रागालाही.

शकू


पोशीर
१८ फेब्रुवारी १९७९

चि. शकू हिस आशीर्वाद, आज जरा कमी.

नेरळला दाढी करायला गेलो. न्हाव्यानं पेपर हातात दिला. त्यात तुझा फोटो. हाफ चड्डी, आणि डोक्यानं बॉल मारतेस. मी पेपर घडी करून खाली बसलो, म्हणजे पेपरवरच बसलो. न्हावी म्हणाला, तो मला पायजे. मी म्हणालो, मी उठणार नाय. अर्धी दाढी ठेवून पेपर घेऊन घरी आलो.

पण न्हाव्याकडं दुसरा पेपर व्हता. तिनीसांजेपर्यंत सगळ्या गावाला कळलं. सोनुबाई चोळी घालूनच भांडायला आली. तिला हात वर करता येत नाय, म्हणून भांडण लवकर मिटलं.

एक इचारायचंय. बॉल मारताना डोळे का मिटलेस? उघडे ठेवत जा. लागेल कुठंतरी.

फोटो आईनं पत्र्याच्या पेटीत ठेवलाय. मी ठेवला असं समजू नको.

बुधाजी


परळ
९ नोव्हेंबर १९८०

बाबा,

आज नमस्काराची अक्षरं गाळते, राग नसावा.

माझा उजवा गुडघा गेला. सामन्यात वळताना काहीतरी कट्‌कन वाजलं. डॉक्टर म्हणतात, चालता येईल, थोडं पळताही येईल, पण सामने संपले. महाराष्ट्राच्या संघाची निवड पंधरा दिवसांवर होती. माझं नाव त्यात जवळजवळ होतंच.

सुचेता रोज येऊन विनोद सांगते. मी हसते. ती गेली की रडते. मामीला आता सगळं कळलंय. तेल मात्र अजून तीच चोळते.

शकू


पोशीर
१३ नोव्हेंबर १९८०

शकू,

कापणी अर्धी हाय. ती शेजारचा विठू बघंल. मी परवा न्यायला येतो. काय बोलायचं ते मला सुचणार नाय, तू बोलायला लावू नको.

बाबा


भिसेगाव, कर्जत
४ डिसेंबर १९८४

ती. बाबांस,

क्रीडाशिक्षिका शकुंतलाबाईंचा सा. न. वि. वि. भिसेगावाहून पोशीर काही लांब नाही, पण हे तोंडावर सांगायला गेले तर मला हसू येईल. म्हणून पत्र.

कालच्या सामन्याला लाइनमन आला नाही म्हणून मी तुमच्या हातात निशाण दिलं, ही माझी चूक. बॉल रेषेबाहेर गेला की निशाण वर करा, एवढंच सांगितलं होतं. खोपोलीच्या मुली पुढे आल्या की दर वेळी तुम्ही निशाण वर केलंत. पंचांनी कारण विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ही पोर मघापासून न विचारता आमच्या हद्दीत शिरते. बाबा, खेळच तो आहे! तुम्हाला मैदानाबाहेर काढल्यावर तुम्ही निशाण सोबत नेलंत. उरलेला सामना पंचांनी हातरुमालावर काढला.

दोन-एकने हरलो. पण आपल्या पोशीरच्या पारूचा गोल बघितलात ना? डोळे उघडे ठेवून मारला. इथल्या शाळेत तीन वर्षं शिकवतेय, अशी मुलगी हाताला लागली नव्हती. तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली आहे.

आणि आज ती शाळेत आली नाही. तिच्या बापाने, पदूने, निरोप धाडला की पोरगी यापुढे खेळणार नाही, लोक बोलतात. मी दुपारी त्यांच्या घरी गेले. त्याने चहा दिला, पाट दिला, उत्तर दिलं नाही. सोमवारी नावं पाठवायची आहेत. मी त्याला काय सांगू? माझी शिटी तिथे चालत नाही.

निशाण परत पाठवावे. लोभ ठेवून घ्यावा.

शकू


पोशीर
७ डिसेंबर १९८४

चि. शकू हिस अनेक आशीर्वाद, आज पुरेपूर.

निशाण पाठवत नाय. शेतात पाखरं हाकलायला बरं पडतं.

पदूकडं मी गेलो व्हतो. आधी त्यानं म्हशीचं काढलं, मी पण म्हशीचंच बोललो. मग तो म्हणाला, बुधाजी, तुमी तरी सांगा, माणसं काय म्हणतील? मी म्हणालो, माणसं काय म्हणतात ते मला सगळं ठाऊक हाय, मी दोन वर्सं तेच ऐकत बसलो. माझी पोर मुंबईत खेळत व्हती तवा मी एक सामना बघितला नाय. आज लावणी, उद्या कापणी, परवा लाज. गेलो ते तिला उचलून आणायला. तिचा गोल कसा व्हता ते मला अजून दुसऱ्याला इचारावं लागतं. तुझी पारू धावते हाय तवर बघून घे, पदू.

तो म्हशीला पेंढा घालायला उठला. मी पण उठून आलो. डोळ्यात धूर गेला व्हता.

आज सकाळी पारू माळावर बॉल मारत व्हती. पदू बांधावर पाठ करून उभा. म्हणाला, म्हैस शोधायला आलोय. मी त्याला खांद्याला धरून वळवला. मग तो वळलेलाच राहिला. नाव पाठव.

बाबा