झिंजमधला पांढरा पाइप

झिंज, मनामा
६ जानेवारी २०२४

ती. पप्पांस,
सा. न. वि. वि.

तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्राचा फोटो केल्विनदादाकडे पाठवतेय.

माझ्यासोबत राहणारी मेलिसा लग्नासाठी गावी गेली, त्याला महिना झाला. तिची खाट तशीच आहे. भात मात्र अजून दोघींचा टाकला जातो.

यंदा इथे आखातातही थंडी वाढली म्हणून घरमालकाने या बैठ्या घरात खोल्या तापवणारा गॅसचा बॉयलर बसवला. ऊब छान असते. पण घरी आले की डोकं ठणकतं, मळमळतं, उठावंसं वाटत नाही. हॉटेलात कामावर असताना काही होत नाही. एकटेपणाच बाधत असणार. राजीनामा लिहून ठेवलाय.

लोभ आहेच, तो पत्राने कळवत जा.
तुमची,
डेल्फिन


वसई
६ जानेवारी, दुपार

चि. डेल्फिनला,
अनेक आशीर्वाद.

आधी बॉयलर बंद कर, खिडक्या उघड आणि बाहेर जा. मग पुढचं वाच.

घरातच दुखतं आणि कामावर थांबतं, हे एकटेपणाचं लक्षण नव्हे. तिथल्याच मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये मी अठरा वर्षं बॉयलरचंच काम केलं. जळलेल्या गॅसचा धूर बाहेर नेणारा पाइप गळत असेल तर विषारी वायू घरात साठतो. त्याला ना रंग, ना वास. आजच डॉक्टरला सांगून रक्त तपासून घे. तो पाइप कसला आहे, हे जाणत्या फिटरकडून बघून घे. तोवर त्या घरात झोपू नकोस.

तू परत येणार म्हणून मला आनंदच झाला होता. तुझी खोली झाडायला घेतली. हातात झाडू असतानाच पत्र पुन्हा वाचलं.

लगेच उत्तर दे, जीव टांगणीला आहे.
तुझे पप्पा,
बर्नार्ड


झिंज
१९ जानेवारी

ती. पप्पांस,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी दोन ओळींत खुशाली कळवली, आता सविस्तर लिहिते. रक्तात तो वायू सापडला. इस्पितळात ऑक्सिजन दिला. आठवडाभर हॉटेलात सोबत काम करणाऱ्या मॅगीकडे राहिले.

मालकाने सांडपाण्याचा पांढरा प्लास्टिकचा पाइप लावला होता. तापून तो वाकला आणि जोड उघडा पडला. मालक म्हणाला, मफी मुश्किल, काही अडचण नाही, चिकटपट्टी लावू. पण मआमीरच्या कारखान्यांच्या भागातून आलेले फिटर खिजरचाचा ऐकेनात. रत्नागिरीचे आहेत. ते म्हणाले की यंत्राच्या पुस्तिकेत स्टेनलेस स्टीलचा पाइप सांगितलाय, तोच लागेल, नाहीतर बॉयलर सुरू करणार नाही. शेवटी तोच बसला. जोड त्यांनी दोनदा तपासले.

आता डोकं दुखत नाही. राजीनामा फाडला, कारण काम मला आवडतं. पण संध्याकाळी दार उघडलं की घर गप्पच असतं, पप्पा. त्यावर खिजरचाचांकडेही इलाज नाही. तुम्ही दोन महिने याल का? व्हिसाचं मी बघते.

होकाराची वाट पाहणारी,
डेल्फिन


वसई
२० जानेवारी

चि. डेल्फिनला,
अनेक आशीर्वाद.

येतो. केल्विनला पासपोर्ट शोधायला बसवलंय. तुझी आई गेल्यापासून मीही ताट घेऊन टीव्हीसमोरच बसतो. तिथे आपण टेबलावर जेवू. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल.

भेटीची आस लागलेले,
पप्पा