लेट्युसला एसी

३ डिसेंबर
गीझर दुरुस्त करायला बसवराजू आला. घराचं मेन बंद केलं. फ्रिज गप्प, पंखे गप्प. सहज मीटरकडे पाहिलं आणि हातातला कप खालीच ठेवला. लाल दिवा नुसता फडफडतोय! घर बंद असताना? चोरी, दुसरं काय. शेजारच्यांनी मागच्या भिंतीवरून वायर ओढली असणार. त्यांचा नवा पंप आल्यापासून मला संशय होताच. नंदिनीला बोलले नाही. उगाच पोरीच्या डोक्याला ताप.

४ डिसेंबर
बसवराजूला शोधायला लावलं. वायर धरत धरत निघाला तो शेजारी नाही, आमच्याच परसात. कापड रंगवायच्या जुन्या शेडपाशी थांबून हसायला लागला. "कळ्ळ मनेले इद्दाने, टीचर!" चोर घरातच म्हणे. शेडची लाइन मेनच्या आधीच काढलेली.
शेड म्हणजे आता नं.चं शेत. मांडण्यांवर मांडण्या, माती नाही, नुसत्या पाण्यावर लेट्युस आणि पालक, वर जांभळे दिवे. "एलईडी आहेत आई, काही खात नाहीत," हे तिचंच वाक्य. दिवे बंद केले, मीटर जरा हळू झाला. एसी बंद केला, तेव्हा कुठे मीटरचा दिवा दमला.
एसी! डिसेंबरात! म्हैसूरला! मी शाल पांघरून चहा देतेय आणि आत पाला गारव्यात लोळतोय. अय्यो देवा. आणि त्या बिचाऱ्या शेजाऱ्यांना मी मनातल्या मनात काय काय बोलले होते.

५ डिसेंबर
झोप धड नाही. पान दिव्याचा प्रकाश खातं थोडासाच. बाकीच्याची उष्णता होते. ती बाहेर काढायला एसी. म्हणजे विजेनेच तापवायचं, विजेनेच निववायचं. जन्मभर मुलांना शिकवलेलं, आणि स्वतःच्या परसात...
वर ही मला पंखा चालू राहिला की ओरडते! बेंगळूरची नोकरी सोडली ती का, तर पृथ्वीची नासाडी बघवत नाही. खरंच बघवत नाही तिला, रडताना पाहिलंय मी.

८ डिसेंबर
काबिनीकाठच्या रिसॉर्टचा फोन. सगळा पाला नं.कडूनच घेणार. मेनूवर छापणार, 'पृथ्वीला भार नाही'. १६ ला करार. त्यासाठी कपाट हलवून घराची पुढची खोलीही लागेल, आणखी मांडण्या, आणखी एक एसी. पोरगी घरभर नाचत होती. किती महिन्यांनी अशी पाहिली. "वा गं!" म्हटलं, आणि चहा टाकायला उठले.
त्यात रिसॉर्ट एच. डी. कोटेला, तिथे चहूकडे शेतंच शेतं. आणि आम्ही म्हैसुरातल्या चामराजपुरमहून पाला पाठवणार, बर्फ घालून. कुणाला सांगायचीही सोय नाही.

१० डिसेंबर
नं. बाजारात गेली तेव्हा शेडमध्ये शिरले. वर पाहिलं. थर्माकोल. त्याच्यावर मामंजींनी बसवलेली काचेची कौलं. रंगाऱ्यांचं घर आमचं. दिव्याखाली रंग पसंत करायचा नाही, उन्हातच बघायचा, हा मामंजींचा दंडक. म्हणून अर्धं छप्पर काचेचं. उजेडासाठी बांधलेली खोली आम्ही झाकली आणि आत दिवे लावले!
थर्माकोल चिकटवताना शिडी कोणी धरली होती? मीच. अक्कल काय गहाण पडली होती माझी?
पालकाचा एक ट्रे पाण्यासकट उचलला आणि परसात ठेवला, वर जुनी व्हॉइलची साडी ताणून.

१४ डिसेंबर
परसातला पालक झकास. काही पानांना किड्यांनी भोकं पाडलीत, वाढ आतल्यापेक्षा जरा मागे, बस्स. नं.ला तो दिसला. म्हटलं, आता आभाळ कोसळणार. तिने साडीचं टोक उचललं, पानं चाचपली.
"ही कुठली साडी?"
मग माझं तोंड सुटलं. मीटर, एसी, कौलं, सगळं.
"माहितेय आई."
"कधीपासून?"
"पहिल्या बिलापासून. पाणी खरंच कमी लागतं, औषध मारत नाही, तेवढंच सगळ्यांना सांगत गेले. वाटायचं, तू तरी विचारशील. तू टीचर ना!"
मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

१५ डिसेंबर
"उद्या त्यांना काय सांगणार?"
"साकु, आई." पुरे म्हणाली, म्हणजे पुरे.
दुपारी शेडमधून करकर, शिडी सरकवल्यासारखी. गेले नाही बघायला.

१६ डिसेंबर
रिसॉर्टची दोन माणसं आली. नं.ने शेडचं दार उघडलं. दिवे बंद, एसी बंद. वरचा एकच थर्माकोल निघालाय, काच पुसलेलीही नाही, तरी जमिनीवर उन्हाचा हा एवढा चौकोन.
त्यांच्यातला मोठा म्हणाला, "करंट गेलाय का?"
नं.ने एकदा माझ्याकडे पाहिलं.
"नाही. मी बंद केलंय. आता सगळं चालू करते. तुम्ही आधी बाहेर या, मीटरपाशी उभे राहा."
चहाचं आधण ठेवून हे लिहितेय. खिडकीतून दिसतायत दोघं, मीटरसमोर. एसी सुरू झाल्याचा आवाज आला. मोठा वाकून लाल दिव्याकडे बघतोय. पुढच्या खोलीतलं कपाट हलवायचं की नाही, मला अजून कुणी सांगितलेलं नाही.