रिपोर्टवर माझं नाव

कसबा पेठ, पुणे ११
रविवार, २२ ऑगस्ट २००४

प्रिय नीरजा,

हैदराबादला आता घर लागलं असेल, तिथलं पाणी मानवलं असेल. आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात ऑफिसांची जाडजूड रजिस्टरं येऊन पडलीत, जेवायला घरी येणंही होत नाही. सुमय्याचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू झालंय. गणपती महिन्यावर आले, गल्लीत मांडवाचे वासे येऊन पडलेत, त्यामुळे स्कूटर चौकातच लावून चालत यावं लागतं.

अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस. आखीव कागदावर एक ओळ सोडून लिहिते आहे. सुमय्या म्हणाली, "अम्मी, तू सांग, मी टाइप करून मेल पाठवते." मी नको म्हटलं. फोन तीनदा केला, तिन्ही वेळा तू मीटिंगमध्ये होतीस. म्हणून पत्र.

लॅबच्या बातम्या श्यामकडून कळतात. घरोघरी जाऊन रक्त घेण्याचं काम अजून त्याच्याकडेच आहे, त्यामुळे पेठेत आला की डोकावतो. म्हणाला, मशीनची दुसरी लाइन बसली. ट्यूब ठेवायची, की पट्ट्यावरून ती आपली आपण पुढे जाते, बारकोड वाचला जातो, झाकण उघडतं, तपासणी होते, आकडे थेट कॉम्प्युटरवर. "नूरबाई, आता सात जणांचं काम दोघं करतात," असं म्हणून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाईट वाटेल असं त्याला वाटलं असावं. मशीन यावं म्हणून लॅबमध्ये सगळ्यांत जास्त मीच बोलले होते, हे तो विसरला. तू विसरली नसशील.

सुखदेव आणि बाकीचे किती घाबरले होते तेव्हा! मी त्यांना सांगितलं, रोज आठशे ट्यूबा हाताने उचलायच्या, नंबर हाताने लिहायचे, चुका आपल्याच हातून होतात. मशीन दमत नाही. चोवीस वर्षं त्या टेबलाशी काढलेली बाई सांगते म्हटल्यावर त्यांनी ऐकलं. लॅब सुदर्शन सरांची, त्यांनीही तेव्हा माझे आभार मानले.

तू वर्ध्याहून आलीस ते ९३ साल. सदाशिव पेठेत तिघींत एक खोली, आणि पहिल्याच आठवड्यात तू मला विचारलंस, "ताई, मी बरोबर करून राहिली ना?" सगळी लॅब हसली. मी हसले नाही. तुला खिडकीपाशी नेलं, ट्यूब उजेडात धरायला लावली. गवती पिवळं पाणी दिसलं तर नमुना चांगला. दुधाळ दिसलं तर माणूस खाऊन आलाय. आणि गुलाबी दिसलं तर थांबायचं, कारण रक्त काढताना पेशी फुटल्यात, आता पोटॅशियम खोटं वाढलेलं येणार. माणसाला परत बोलवायचं, पुन्हा रक्त घ्यायचं, पण तो रिपोर्ट सोडायचा नाही. तू ते वहीत लिहून घेतलंस. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा खाऊन तू खाली चटईवरच झोपून जायचीस. तुझे बाबा गेल्याचा फोन लॅबमध्ये आला तेव्हा वर्ध्यापर्यंत बसमध्ये तुझ्या शेजारी मी होते. हे उपकार म्हणून लिहीत नाही. आपण कोण होतो एकमेकींच्या, ते आठवावं म्हणून लिहिते.

आता त्या सोमवारचं. १४ जून. मुंबईचे पाहुणे तुझ्या ताब्यातलं मशीन बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर त्यांच्या सगळ्या लॅबचं काम आपल्याकडे आणि तुझ्याकडे हैदराबादची शाखा. नमुना गुलाबी असेल तर मशीन स्वतः ओळखतं आणि ट्यूब बाजूला काढतं. शनिवारी दुपारी मी तुला विचारलं होतं, "आज एकही ट्यूब थांबली नाही, कसं काय?" तू म्हणालीस, "ताई, सारखी एखादी अडकते, पट्टा थांबतो, पाहुण्यांसमोर चांगलं दिसत नाही. रंगाची तपासणी बंद ठेवली आहे. ते गेले की चालू करते." मी मान हलवली. तेवढी चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

तरीही एक दार शिल्लक होतं. आकडा धोक्याचा आला की पडद्यावर ती ओळ लाल होते. कुणीतरी ट्यूब डोळ्यांनी बघून आपल्या नावाने मंजूर केल्याशिवाय रिपोर्ट जात नाही. सकाळच्या पाळीत ते नाव माझं. पासवर्ड सुमय्याचं नाव, तो तूच मला लावून दिला होतास.

अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या नावाने नऊ लाल ओळी मंजूर झाल्या. एका मिनिटात नऊ. त्यातली एक हिंमतराव पायगुडे यांची, खडकवासल्याचे, वय अडुसष्ट, धरणावरच्या नोकरीतून निवृत्त. पोटॅशियम सात पूर्णांक एक. त्यांच्या डॉक्टरांनी फोनवर आकडा ऐकून त्यांना तिथल्याच नर्सिंग होममध्ये भरती केलं आणि पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर एकदम उतरली. ते उठून बाथरूमला निघाले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. नंतर दुसरं रक्त तपासलं तर पोटॅशियम चार, म्हणजे अगदी ठीक. आपल्याकडची ट्यूब शोधून काढली, ती गुलाबी होती.

बुधवारी जिन्यात तू मला गाठलंस. रडत होतीस. "ताई, पाहुणे आत येऊन राहिले होते, पडदा लाल दिसत होता. मी एकदम सगळ्या मंजूर केल्या, वाचल्या नाहीत." मी तुला पाणी दिलं. म्हटलं, सरांना सांग. तू म्हणालीस, "सांगते ताई. मी बघून घेते. तुमच्यावर काही येऊ देणार नाही." मी विश्वास ठेवला. नऊ दिवस ठेवला.

चौकशी २५ तारखेला झाली. सर, बाहेरून बोलावलेले एक डॉक्टर आणि आपण दोघी. तू माझ्या शेजारी बसलीस आणि माझा हात हातात घेतलास. मला वाटलं, तुला धीर हवाय. मग तू बोललीस. "सर, यात नूरताईंचा दोष म्हणू नये. वर्षभरापासून त्यांना रंग नीट दिसत नाहीत. आदरापोटी मी आजवर बोलले नाही. त्यांनी ट्यूब पाहिलीच असणार, परंतु गुलाबी छटा त्यांच्या लक्षात आली नसावी." स्वच्छ, सदाशिव पेठेतली मराठी. 'करून राहिली' कुठे गेलं होतं कोण जाणे. आणि बोलताना तुझा अंगठा माझ्या हातावरून फिरत होता.

सर म्हणाले, "नूरबाई, आपल्याला काही सांगायचंय?"

मी तुझ्याकडे पाहिलं. वाटलं, उरलेलं तू आता सांगशील. तू मान खाली घातलीस. मी म्हटलं, "नाही, सर."

का गप्प बसले, ते दोन महिने स्वतःलाही धड सांगत नव्हते. आता लिहिते.

तू खोटं बोलली नाहीस, नीरजा. अर्धंच बोललीस. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दीड वर्षापासून पिवळं आणि गुलाबी मला सारखंच दिसतं. ह्यांना सांगितलं नव्हतं, सुमय्याला नाही. फक्त तुला. शंका आली की मी ट्यूब गुपचूप तुझ्यापुढे धरायची आणि तू हळूच म्हणायचीस, "पिवळी, ताई." ऑपरेशनला रजा मागितली असती तर सरांना कळलं असतं, आणि रंग न दिसणारी तंत्रज्ञ कोण ठेवतं? म्हणून मला मशीन हवं होतं. रंग ते बघेल, माझी खुर्ची राहील. सुखदेवला सांगितली ती सगळी कारणं खरी होती, पण माझं कारण हे होतं. जानेवारीत मशीनपायी त्याला घरी बसवलं. माझ्याबद्दल त्याला काय वाटत असेल, ते मला २५ जूनला कळलं.

आणि त्या सोमवारी अकरा वीसला मी टेबलाशी नव्हतेच. तूच टिळक रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होतीस. "मस्टरवर सही करा आणि मागच्या जिन्याने जा. पाहुण्यांच्या गडबडीत कुणाला कळणार नाही. तुमचं टेबल मी बघते." त्या वेळी मी डॉक्टरांच्या बाकावर डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून बसले होते. मी पाहिली नाही ती ट्यूब. चुकीची पाहिली असं नाही, पाहिलीच नाही. हे जगात तुला एकटीला माहीत होतं, आणि तू म्हणालीस, "पाहिलीच असणार."

त्या खोलीत मला काय झालं ते सांगता येत नाही. नोकरी जाणार हे तर कळलंच. पण वर्षभर "पिवळी, ताई" म्हणणारा आवाज तोच होता. ते तू प्रेमाने करत होतीस की पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून, हे मी दोन महिने स्वतःला विचारतेय. प्रेमानेच करत असणार. मग जास्तच लागतं.

तीस तारखेला मी राजीनामा दिला. घरी सांगितलं, कंटाळा आला.

परवा शुक्रवारी स्वारगेटवरून बस धरून खडकवासल्याला गेले. हिंमतरावांच्या घरी. दार त्यांच्या पत्नीने, सुशीलाबाईंनी उघडलं. मी लॅबचं नाव सांगितलं तसं त्यांनी अर्धं दार लोटलं. आतून म्हातारे म्हणाले, "येऊ दे गं. इतक्या लांब आल्या हायेत." कॉटवर बसले होते, कॉटला वॉकर टेकवलेला. मी सगळं सांगितलं. माझे डोळे, पासवर्ड, शनिवारची मान, सगळं. तुझं नाव घेतलं नाही, आमची एक मुलगी म्हटलं.

त्यांनी एकच विचारलं, "मग बाई, माझं रक्त कसं होतं?"

"चांगलं होतं," मी म्हटलं. "पहिल्यापासून चांगलं होतं."

सुशीलाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. म्हातारे म्हणाले, "चाळीस वर्षं धरणाचं दार सोडलं मी. वरून हुकूम आला तरी पहिलं खाली बघायचो, नदीत कुनी हाय का. तुमच्यात बघत न्हाईत व्हय?" निघताना म्हणाले, "त्या पोरीला म्हनावं, येऊन जा. मी काय खात न्हाई तिला."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते उठले. दुकानातून दोन जाड कागद आणून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "लिहा. मोठ्या अक्षरांत लिहा."

काल शनिवारी ते निवेदन सरांना दिलं. सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांचा केसपेपर, तारीख आणि वेळेसकट. माझ्या चुका आधी लिहिल्या आहेत, तुझी नंतर. सरांनी दोनदा वाचलं. "हे जूनमध्ये का नाही सांगितलंत?" म्हणाले. मी म्हटलं, "नीरजा सांगेल असं वाटलं होतं." मग मी विचारलं, ती रंगाची तपासणी पुन्हा चालू झाली का? सर उठून स्वतः मशीनपाशी गेले, श्यामला आणि मशीन बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावलं. बंदच होती, नीरजा. दहा आठवडे. दुसऱ्या लाइनवरही तशीच. माझी नोकरी घालवून झाल्यावरही तू ते एक बटण दाबलं नाहीस. तेवढं जरी केलं असतंस, तरी हे पत्र वेगळं लिहिलं असतं.

चालू केल्यावर पहिल्या तासात सहा ट्यूबा थांबल्या. आधी किती गेल्या असतील ते सर शोधायला बसलेत, सगळे जुने रिपोर्ट काढलेत. तुला त्यांचा फोन आलाच असेल. गुरुवारी पुण्याला बोलावणार म्हणाले. तिथेही तेच मशीन बसवते आहेस, त्याचं आधी बघ.

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी, ३० तारखेला आहे. भेटायला येऊ नकोस.

हिंमतरावांचा निरोप दिला. त्यांच्याकडे मात्र जा. स्वारगेटवरून दर अर्ध्या तासाला बस आहे, स्टॉपवर कुणालाही पायगुड्यांचं घर विचारलंस तर दाखवतील. अकरा वर्षं तुला जिथे जिथे जायची भीती वाटली, तिथे तिथे मी बरोबर आले. इथे येणार नाही. एकटीने जा.

नूरबानू शमशुद्दीन शेख