देवांगची चौथी टोपी

डब्लिन, ओहायो
रविवार, १३ एप्रिल २०२५, सकाळचे आठ

प्रिय मोरेश्वर काका,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे बाबांकडून कळलं. पत्र नेहमीसारखं हाताने लिहून पानांचे फोटो पाठवतोय. कोपऱ्यात आकडे घातलेत, त्याच क्रमाने वाचा. मागच्या वेळी तुम्ही तिसरं पान आधी उघडलंत आणि घोळ झाला.

एक गोष्ट आधीच सांगतो. उद्या सकाळी तुम्ही विमानाचं तिकीट काढायला जाणार आहात. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय जाऊ नका. काल बाबांनी माझा नारळ घेतलेला फोटो पाठवलाय, त्याबद्दलही शेवटी लिहितो. तब्येत उत्तम आहे, घाबरू नका. पण आधी बातमी, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं माझ्याने लिहवणार नाही. आणि बातमी अशी आहे की तुम्ही मैदानावर चालत्या खेळात शिट्टी मारून सगळ्यांना सांगाल.

देवांगने कॉलेज निवडलं!

देवांग म्हणजे रत्ना मावशींचा मुलगा, मागच्या तीन पत्रांत ज्याच्याबद्दल लिहिलं तोच. वय अठरा, उंची सहा फूट नऊ इंच, बारावीच्या खेळाडूंत देशात नववा. रत्ना मावशी साताऱ्याच्या, त्याचे वडील इथलेच, स्वतः कॉलेजकडून खेळलेले. इथे कॉलेजच्या बास्केटबॉलला वीस-वीस हजार लोक जमतात आणि चांगल्या पोराला न्यायला मोठमोठे कोच घरी येऊन सोफ्यावर बसतात. रत्ना मावशींनी त्यातल्या एकाला थालीपीठ वाढलं, तर त्याने ते पिझ्झ्यासारखं दुमडून खाल्लं.

त्याच्याकडे अठरा कॉलेजांनी मागणी घातली होती. शेवटी तीन उरली. नावं लिहीत बसत नाही, तुम्हाला रंग पुरेत. लाल म्हणजे आमच्या राज्याचं, इथून अर्ध्या तासावर. हिरवं म्हणजे उत्तरेचं, चार तास गाडीने. निळं म्हणजे दक्षिणेचं, फार नावाजलेलं, विमानाने जावं लागतं.

महिनाभर मराठी मंडळाला दुसरा विषय नव्हता. व्हॉट्सॲपवर ‘देवांग निर्णय समिती’ नावाचा ग्रुप निघाला. मंडळाचे अध्यक्ष प्रल्हाद काका, पुण्याचे, बँकेच्या आयटीत आहेत, ते रोज सकाळी लिहायचे, “लालच. घरचं सोडून कोण जातं?” मालिनी काकूंचा हिशेब वेगळा. “रत्नाने पाच पौंड भाजणी दळून घेतलीय. म्हणजे मुलगा गाडीने जाता येईल एवढ्या अंतरावर जातोय. विमानात कोणी पीठ नेतं का?” त्यावर माझा मित्र अनीश, जन्माने इथलाच, म्हणाला, “काकू, धिस इज बेटर दॅन द एक्स्पर्ट्स, यार.” माझ्याकडे वही होती. कोणता कोच किती तारखेला आला, किती मिनिटं बसला, देवांगने कोणत्या कॉलेजचा फोटो लाइक केला, सगळं तारीखवार. माझं उत्तरही लालच निघालं. वहीमुळे सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तिथेच पुढची चूक झाली.

चूक अशी. आमचा पाडव्याचा कार्यक्रम काल होता. पाडवा होऊन तेरा दिवस झालेत, पण शाळेचा हॉल आत्ता मिळाला. इथे सण हॉल मिळेल त्या शनिवारी येतो. योगायोगाने त्याच शाळेच्या जिममध्ये अकरा वाजता देवांग निर्णय जाहीर करणार होता. प्रल्हाद काकांनी ठरवलं की निर्णय मोठ्या पडद्यावर दाखवायचा आणि लगेच देवांगला इकडे आणून सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, बॅनर. शाल लाल. बॅनरही लाल, त्यावर ‘आपला देवांग, आपलं विद्यापीठ’ असं दोन फुटी अक्षरात छापलेलं. मी म्हटलं, “काका, थोडं थांबू या का? वहीत नव्वद टक्के आहे, शंभर नाही.” ते म्हणाले, “नकुल, नव्वदला डिस्टिंक्शन म्हणतात!”

काका, अकरा वाजले तेव्हा हॉलमध्ये दोनशे माणसं, पुऱ्या गार होतायत आणि कुणालाही पर्वा नाही! नऊवारी नेसलेल्या बायका खुर्च्यांवर उभ्या. पडद्यावर टेबल, टेबलावर तीन टोप्या. ज्या कॉलेजची टोपी तो डोक्यावर घालेल, तिथे तो जाणार, अशी इथली पद्धत आहे. मी वही उघडून, पेन टेकवून तयार. ११ वाजून ७ मिनिटांनी देवांगने लाल टोपी उचलली. असा आरडाओरडा झाला की श्रीखंडाचा डाव खाली पडला. प्रल्हाद काकांनी मला चक्क मिठी मारली.

मग त्याने ती टोपी शेजारी बसलेल्या आईच्या हातात दिली. हिरवी वडिलांच्या. निळी धाकट्या बहिणीच्या डोक्यावर ठेवली. आणि टेबलाखालून बॅग काढून त्यातून एक पिवळी टोपी घातली.

पिवळी! काका, पिवळी माझ्या वहीत कुठेच नव्हती! इंडियानातलं छोटं कॉलेज, तीन तासांवर. हॉलमध्ये लोक फोनवर त्या कॉलेजचं नाव शोधायला लागले. मग मालिनी काकू किंचाळल्या, “गाडीने! गाडीनेच जायचंय! मी म्हटलं नव्हतं?” आणि सगळा हॉल हसत सुटला. कुणी विचारलं तेव्हा देवांग पडद्यावर म्हणाला, की बाकी सगळे मला सांगत होते मी किती चांगला आहे. या एकाच कोचने सांगितलं की माझे पाय आळशी आहेत. काका, पाय! तिकडच्या मैदानावर खेळ शिकवताना तुम्ही दहा वर्षांच्या आम्हाला उन्हात उभं करून हेच ओरडायचात. मी एकटाच उठून टाळ्या वाजवत होतो.

मग देवांग आला. प्रल्हाद काका लाल शाल हातात घेऊन बॅनरच्या पुढे असे उभे राहिले, की ‘विद्यापीठ’ हा शब्द तरी झाकला जावा. देवांगने वाकून शाल घेतली, पिवळ्या टोपीवरून पांघरली आणि म्हणाला, “थँक यू काका, उबदार आहे.” एवढं मराठी त्याने पाठ करून आणलं होतं. काय टाळ्या पडल्या!

इथपर्यंत सगळं मजेचं होतं.

आमच्या मंडळात पाडव्याला त्या वर्षीच्या पदवीधर मुलांचाही सत्कार करतात. नावं आया देतात. मला यादीची कल्पना नव्हती. प्रल्हाद काकांनी माईकवर वाचलं, “आणि आमचा वहीवाला नकुल, मेकॅनिकल इंजिनिअर!” आई पहिल्या रांगेत होती. मी गेलो, नारळ घेतला, बाबांनी फोटो काढला. तोच तुमच्याकडे आलाय.

काका, मी इंजिनिअर नाही. मे महिन्यात माझा पदवीदान समारंभ नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मी कॉलेज सोडलं. थर्मोडायनॅमिक्समध्ये दुसऱ्यांदा नापास झालो. एके दिवशी पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो, तीन तास. दुसऱ्या दिवशीही. आठ दिवसांनी सोडण्याचा फॉर्म भरला. तो मात्र नीट भरला, एकही खाडाखोड नाही. तेव्हापासून इथल्या रिक्रिएशन सेंटरमध्ये काम करतो. फ्लोअर पुसतो, सामन्यांना स्कोअरबोर्ड चालवतो. देवांग तिथेच सराव करतो, त्याला बॉल उचलून देता देता ओळख झाली. हे मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. देवांगबद्दल पानंच्या पानं लिहिली, म्हणजे तुम्ही कॉलेजचं विचारायला जागा उरू नये. आई-बाबांना वाटतं मी खोलीवर राहून अभ्यास करतोय. तुम्ही पहिल्यांदाच विमानात बसणार, सफारी शिवायला टाकलाय, हे ऐकल्यापासून मला नीट जेवण गेलेलं नाही.

काल सत्कारानंतर मी नारळ घेऊन पाण्याच्या कूलरजवळ उभा होतो. देवांग आला. तो मला दादा म्हणतो. “दादा, काँग्रॅट्स! आय डिडन्ट नो यू वेअर ग्रॅज्युएटिंग.”

मी म्हटलं, “आय ॲम नॉट.”

दीड वर्षात पहिल्यांदा तोंडाबाहेर पडलं. त्याने इकडे-तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “डू दे नो ॲट होम?” मी मान हलवली, नाही.

मग त्याने सांगितलं, की सकाळी आठ वाजता आईने त्याला फोन हातात दिला. तिन्ही कोचना ‘येत नाही’ हे स्वतः सांग, टीव्हीवर बघून त्यांना कळता कामा नये, म्हणाली. पहिल्या फोनआधी त्याला उलटी झाली. एक कोच खूप चांगलं बोलला. दुसऱ्याने शुभेच्छा दिल्या. तिसऱ्याने काही न बोलता फोन ठेवून दिला. “अँड देन?” मी विचारलं. “देन नथिंग, दादा. देन आय एट पोहे.”

आज बारा वाजता मी घरी जातोय. आई-बाबांना समोर बसून सांगणार आहे. तुम्हाला आधी लिहितोय, कारण तिकिटाची खिडकी उद्या सकाळी उघडते, आणि हे सगळं तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.

पुढचं अजून ठरलेलं नाही. जे नाही ते आता लिहिणार नाही. आहे ते इतकंच: दर शनिवारी सकाळी नऊ वाजता मी सेंटरमध्ये चौदा मुलांना बास्केटबॉल पास करायला शिकवतो. आठ-नऊ वर्षांची आहेत. त्यांचे पाय फारच आळशी आहेत. मी ओरडतो, पण तुमच्यासारखा आवाज निघत नाही.

समारंभासाठी येत असाल तर तिकीट काढू नका. त्या मुलांसाठी यायचं असेल तर काढा. सफारीची गरज नाही, शिट्टी आणा. आणि रागावला असाल तर बाबांमार्फत नको, मलाच फोन करा. काही न बोलता ठेवलात तरी चालेल.

फोन हातात धरून बसलेला,
तुमचा नकुल